लहान जखमेचा लाभ कोणाला?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात ती बहुधा प्रचंड गोष्टींच्या संदर्भात. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे होऊ घातलेल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. या बंदराचा अपेक्षित खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्गही याच भूमीतून जातो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा काही काळ साऱ्या राज्याचे लक्ष इकडे वळले होते. अशा भव्य विषयांच्या गर्दीत जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या वैद्यकीय दुर्बिणीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु एखाद्या प्रदेशात विकास किती खोलवर झिरपला आहे हे पाहायचे तर कोटींच्या आकड्यांपेक्षा अशा लहान कसोट्याच अधिक विश्वासार्ह ठरतात.

ही दुर्बीण लाळग्रंथींच्या नलिकांत शिरते. तेथे अडकलेला खडा ती पाहू शकते, आणि तिच्याबरोबर आत सरकवलेल्या बारीक साधनांनी तो बाहेरही काढता येतो. एकेकाळी ज्या विकारासाठी मानेवर छेद घेऊन संपूर्ण ग्रंथी काढून टाकावी लागे, तो आता अनेक रुग्णांमध्ये बाहेर एकही व्रण न ठेवता बरा करता येतो. वैद्यकाची ही प्रगती निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो या प्रगतीची वाट तलासरीच्या पाड्यापर्यंत का पोहोचत नाही, आणि ती पोहोचवायची तर नेमके काय करावे लागेल, हा.

उपेक्षित अवयव

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असलेल्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आणि तोंडाच्या अस्तरातील शेकडो बारीक ग्रंथी हे काम अहोरात्र करीत असतात. घास ओला करणे, पिष्टाचे पचन सुरू करणे, दातांचे रक्षण करणे, जंतूंना आवर घालणे, जीभ सहज हलू देणे ही सारी कामे लाळ करते. परंतु ती कोणाच्या लक्षात येत नाहीत. ग्रंथीची वाट अडली म्हणजेच माणसाला ती आठवते.

ही वाट अडण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे खडा. मूत्रपिंडात खडे होतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण लाळेच्या नलिकेतही ते होतात हे फार थोड्यांना माहीत असते. लाळेतील कॅल्शियमचे क्षार साचून तेथे कण तयार होतो आणि वर्षानुवर्षे वाढत जातो. अशा खड्यांपैकी सुमारे ८० टक्के जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात. याला शरीररचनेचे कारण आहे. या ग्रंथीची नलिका लांब असते, तिच्यातून लाळेला खालून वर चढावे लागते, आणि येथील लाळ इतर ग्रंथींच्या लाळेपेक्षा दाट असते. पाणी कमी पिणे, उन्हातान्हात घाम गळणे आणि काही औषधांमुळे लाळ आटणे यांमुळे तिचा प्रवाह मंदावतो आणि साचण्याला वाव मिळतो.

लक्षणे मात्र इतकी बोलकी असतात की एकदा ठाऊक झाली की विसरता येऊ नयेत. जेवायला बसले, पहिला घास तोंडात गेला, किंवा चिंच-कैरी नुसती दिसली, की जबड्याखाली गोळा येतो आणि ठणका लागतो. जेवण आटोपल्यावर तास-दोन तासांत सूज ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. असे काही महिने चालले की मागे साचलेल्या लाळेत जंतू शिरतात, ताप येतो, तोंडात पू उतरतो, आणि उपचार झाला नाही तर गळू होते.

डहाणूच्या चिकूवाडीत रोजावर जाणारी एखादी वारली स्त्री डोळ्यांसमोर आणावी. दुपारी डबा उघडला की तिचा जबडा सुजतो. ती प्रथम दात दुखतो असे समजते, आणि गावातला डॉक्टरही बहुधा तसेच समजतो. गोळ्या मिळतात, सूज उतरते, महिन्याभराने पुन्हा येते. मग कोणी दाढ उपटण्याचा सल्ला देतो. मानेची गाठ म्हणून कोणाला क्षयाची शंका येते, आणि क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या भागात ती शंका अस्थानीही म्हणता येत नाही. ‘जेवताना सूज वाढते का?’ हा एकच प्रश्न तिला कोणी विचारला असता, तर पुढची सारी वणवण टळली असती. अशा एका साध्या प्रश्नाच्या अभावी एका लहान खड्यापायी माणसाची ग्रंथी जाते, आणि तिच्याबरोबर कित्येक दिवसांची मजुरीही जाते.

छेदापासून दुर्बिणीपर्यंत

जबड्याखालची ग्रंथी काढण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही आवश्यक ठरते आणि कुशल हातांत ती सुरक्षितही असते. परंतु तिच्या परिसरात तीन नाजूक मज्जातंतू आहेत. एक खालच्या ओठाचा कोपरा हलवतो, दुसरा जिभेला संवेदना देतो आणि तिसरा जिभेच्या हालचाली सांभाळतो. कानापुढच्या ग्रंथीची स्थिती याहून अवघड, कारण चेहऱ्याचे स्नायू चालवणारा मज्जातंतू तिच्या मधूनच जातो. त्यामुळे एका खड्यासाठी सबंध ग्रंथीवर शस्त्र चालवावे काय, हा विचार शल्यविशारदांच्या मनात बराच काळ घोळत होता. त्याचे उत्तर देण्याइतकी बारीक दुर्बीण मात्र उपलब्ध नव्हती.

ती उपलब्ध झाली विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. पॅरिसमध्ये फिलिप कात्झ यांनी, इस्राएलमध्ये ओडेड नाहलिएली यांनी आणि जिनिव्हात फ्रान्सिस मार्शाल यांनी या तंत्राला आकार दिला. नलिकेचे तोंडातील मुख सुईच्या अग्राएवढे असते. ते हळूहळू रुंद करून त्यातून सुमारे ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सरकवतात. क्षारयुक्त पाण्याच्या बारीक धारेने नलिका फुगती ठेवतात आणि आतील दृश्य पडद्यावर पाहत पुढे जातात. खडा लहान आणि सुटा असेल तर तारेच्या इवल्या टोपलीत धरून तो बाहेर ओढला जातो. मोठा असेल तर लेसरने किंवा ध्वनितरंगांच्या आघाताने त्याचे तुकडे करतात. नलिका आकुंचित झाली असेल तर फुग्याने ती रुंद करता येते. जबड्याखालच्या ग्रंथीत सुमारे ४ मिलिमीटरपर्यंतचा आणि कानापुढच्या ग्रंथीत सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतचा खडा सामान्यतः टोपलीने निघू शकतो. अनेक रुग्णांत हे केवळ जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

या व तत्सम ग्रंथिरक्षक उपचारांचा ४,६९१ रुग्णांमधील अनुभव २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८० टक्के रुग्णांचे खडे पूर्णपणे निघाले, सुमारे १७ टक्क्यांचे अंशतः निघाले, आणि ग्रंथी काढण्याची वेळ आली ती केवळ ३ टक्क्यांच्या आसपास रुग्णांवर. अर्थात हे आकडे निष्णात केंद्रांचे आहेत आणि कोणत्याही हातांना ते आपोआप लाभणार नाहीत. परंतु ग्रंथी काढणे हा पहिला उपाय न राहता शेवटचा उपाय व्हावा, एवढा निष्कर्ष त्यांतून निश्चित निघतो.

मुलांच्या बाबतीत हे तंत्र आणखी एका कारणासाठी मोलाचे आहे. काही बालकांचा गाल वर्षातून अनेकदा सुजतो. प्रत्येक वेळी गालगुंड झाले असे सांगितले जाते, आणि सूज उतरली की विषय विसरला जातो. वास्तविक गालगुंड सहसा आयुष्यात एकदाच होते. तोच गाल तिसऱ्यांदा-चौथ्यांदा सुजत असेल, तर तो कानापुढच्या ग्रंथीचा पुनःपुन्हा उद्भवणारा दाह असण्याचा संभव मोठा. बहुतेक मुलांत तो वयात येईपर्यंत आपोआप शमतो. तोपर्यंतच्या यातना आणि बुडालेली शाळा मात्र दुर्बिणीने नलिका पाहून धुतल्यास बऱ्याच अंशी कमी होऊ शकतात. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचा गाल कितव्यांदा सुजला हे कोण मोजणार, हा प्रश्न डहाणू-तलासरीत केवळ वैद्यकीय राहत नाही.

तंत्राच्या मर्यादा

नव्या साधनाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. ग्रंथीच्या गाभ्यात रुतलेला मोठा खडा दुर्बिणीला दाद देत नाही, आणि कधीकधी दुर्बीण व लहान छेद यांची सांगड घालावी लागते. पू भरलेल्या, तीव्र दाहाच्या अवस्थेत दुर्बीण घालणे घातक ठरू शकते, कारण नलिकेला इजा होण्याचा धोका तेव्हा वाढतो. हे उपकरण महाग असून नाजूकही आहे, आणि ते चालवण्याचा सराव वर्षाकाठी दोन-चार रुग्णांवर होत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही, की गाठ म्हणजे नेहमीच खडा नव्हे. जेवणाशी संबंध नसलेली, न दुखणारी, टणक आणि हळूहळू वाढणारी गाठ ही अर्बुदाची असू शकते. कानापुढच्या ग्रंथीतील बहुसंख्य अर्बुदे सौम्य असतात, परंतु जबड्याखालच्या ग्रंथीत मारक अर्बुदांचे प्रमाण बरेच अधिक असते. त्यांना दुर्बिणीचा उपयोग नाही. तेथे विधिवत शस्त्रक्रियाच हवी, आणि तीही वेळेवर. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे हे तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जाण्याचे चिन्ह आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा ओळखण्याचाच आहे. खड्याला अर्बुद समजणे जितके अनिष्ट, तितकेच, किंबहुना अधिक, अर्बुदाला खडा समजून दिवस घालवणे.

अंतराचा हिशेब

डहाणू तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख. तलासरीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तो प्रशासन लोकांच्या जवळ यावे या हेतूने. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि खाली प्राथमिक केंद्रे व उपकेंद्रे आहेत. कागदावरचा हा सांगाडा वाईट नाही.

त्यात उणीव आहे ती तज्ज्ञांची. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामूहिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. ही तूट मोजताना शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भिषक आणि बालरोगतज्ज्ञ एवढेच चार प्रकार धरले जातात. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला त्या मोजणीत जागाच नाही. ज्याची उणीव मोजलीही जात नाही, ती भरून काढण्याची घाई कोणाला असणार?

मुंबईत मोठ्या रुग्णालयांतून लाळग्रंथींचे दुर्बिणीचे उपचार होतात. डहाणूहून मुंबई शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, ही मोठी सोय झाली. तलासरीला मात्र रेल्वे स्थानक नाही. तेथील रुग्ण महामार्गाला लागतो आणि पुष्कळदा दक्षिणेकडे न जाता वापी, वलसाड किंवा सिल्वासाची वाट धरतो. राज्याची सीमा ओलांडल्यावर भाषा बदलते, कागदपत्रे बदलतात आणि सवलतींचे नियमही बदलतात. मुंबई गाठली तरी पहिल्या दिवशी नोंदणी आणि तपासणी, दुसऱ्या फेरीत सोनोग्राफी, तिसऱ्या फेरीत भुलेसाठी तपासणी आणि चौथ्या फेरीत शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक फेरीला स्वतःची आणि सोबत्याची अशी दोन माणसांची मजुरी गमवावी लागते. उपचार निःशुल्क असला तरी तो घेण्याचा खर्च निःशुल्क नसतो.

यातून एक विपरीत स्थिती निर्माण होते. लहान जखमेची, त्याच दिवशी घरी पाठवणारी शस्त्रक्रिया खरे पाहता कोणाला अधिक उपयोगी? पगारी रजा असलेल्या नोकरदाराला आठवडाभर रुग्णालयात राहणे गैरसोयीचे असेल, पण त्याने त्याची चूल विझत नाही. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या मजुराला, भरती-ओहोटी पाहून होडी लोटणाऱ्या मच्छिमाराला, पेरणीच्या तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला आठवड्याची विश्रांती परवडत नाही. लहान जखमेची गरज त्यांनाच सर्वाधिक आहे, आणि ती मिळते मात्र इतरांना. त्यांच्या वाट्याला मोठा छेद येतो, किंवा मग कोणताच उपचार येत नाही.

अग्रक्रमाचा आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या भागात बालकांचे कुपोषण संपलेले नाही, सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार आहे, सर्पदंशाचा रुग्ण वेळेवर पोहोचेल की नाही याची धास्ती आहे, तेथे लाळेच्या खड्यासाठी युरोपात घडलेली दुर्बीण मागणे ही चैन नव्हे काय? आधी पाणी, आधी पोषण, आधी बाळंतपण सुरक्षित करा, मग इतर गोष्टी बोला, असे सांगणारे लोक या भागाचे हितचिंतकच असतात.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. अग्रक्रम ठरवणे आवश्यक असते. तथापि अग्रक्रमाच्या नावाखाली गरिबांसाठी निराळे, ठोकळ वैद्यक आणि इतरांसाठी सूक्ष्म वैद्यक अशी वाटणी कायमची होऊन बसते. मोतीबिंदूची भिंगे, पोटातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया यांच्याबाबतही एके काळी हेच म्हटले जाई. आज जिल्हा पातळीवर त्या कोणाला चैन वाटत नाहीत. शिवाय दोन वेळच्या घासाला जबडा सुजणे हा पोषणाचाच प्रश्न नाही काय? जेवणाच्या भीतीने अर्धपोटी उठणाऱ्या माणसाला नागलीची भाकरी पुरेशी मिळते की नाही, याबरोबर ती त्याला चावता-गिळता येते की नाही, हेही पाहायला हवे.

त्याहून महत्त्वाचे हे, की येथे मागणी प्रत्येक रुग्णालयात दुर्बीण बसवण्याची नाहीच. तसे केले तर ती कपाटात धूळ खात पडेल. सरकारी रुग्णालयांत तंत्रज्ञाअभावी पडून राहिलेल्या यंत्रांची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. जे करायचे आहे त्यातले बरेचसे फार कमी खर्चाचे आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे ओळख. आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक केंद्राचा वैद्यकीय अधिकारी आणि विशेषतः ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्य यांना चार प्रश्न शिकवावेत. सूज जेवताना वाढते का? पुन्हापुन्हा येते का? गाठ न दुखता वाढत आहे का? चेहरा वाकडा झाला आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘होय’ असेल तर ग्रंथीच्या खड्याचा संशय घ्यावा. उरलेल्या दोहोंपैकी एकाचेही तसे असेल तर वेळ न दवडता तज्ज्ञाकडे पाठवावे. जिभेखाली बोट घालून नलिका चाचपणे हे कोणत्याही यंत्राविना होणारे काम आहे, आणि पुढे आलेला खडा कित्येकदा बोटालाच लागतो. जबड्याखालच्या ग्रंथीतील बहुतेक खडे साध्या क्ष-किरण चित्रातही दिसतात, आणि सोनोग्राफीने उरलेल्यांपैकी अनेक सापडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जे जवळ होऊ शकते ते जवळच करणे. पाणी भरपूर पिणे, आंबट चोखून लाळ वाढवणे, शेक देणे, ग्रंथी मागून पुढे चोळणे यांनी बारीक खडे पुष्कळदा स्वतःहून पडतात. जंतुसंसर्ग झाला असेल तर योग्य प्रतिजैविक हवे. नलिकेच्या मुखाजवळ अडकलेला खडा तर जागा बधिर करून, तोंडातूनच घेतलेल्या लहान छेदाने काढता येतो. त्याला दुर्बीण लागत नाही. लागतो तो शिकलेला हात आणि चांगला उजेड. डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात हे होऊ न शकण्याचे तांत्रिक कारण नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे उरलेल्या रुग्णांसाठी एक निश्चित वाट. डहाणू तालुक्यातच सासवंद येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग आलाच. तो विभाग, उपजिल्हा रुग्णालये आणि मुंबईतील एखादे शासकीय महाविद्यालयीन रुग्णालय यांची साखळी जोडावी. दूरचित्रसंवादाने तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची ई-संजीवनी ही सेवा देशात चालू आहेच. तिच्याद्वारे तपासण्या डहाणूतच पूर्ण कराव्यात, म्हणजे मुंबईची फेरी एकच आणि शस्त्रक्रियेपुरती उरेल. महिन्या-दोन महिन्यांतून एक दिवस निष्णात पथकाने आपल्या दुर्बिणीसह डहाणूला यावे आणि निवडलेल्या रुग्णांवर उपचार करावेत, हेही अशक्य नाही. दुर्बीण सुटकेसमध्ये मावते. पाच माणसांचे पथक गावात येणे हे पन्नास रुग्णांनी आपापल्या सोबत्यासह शहरात जाण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडेल.

चौथी गोष्ट पैशाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आले आहे. अशा योजनांत कोणत्या शस्त्रक्रियेला किती रक्कम मिळते यावर रुग्णालयांचा कल ठरतो. ग्रंथी काढून टाकण्याला पैसे मिळावेत आणि ती वाचवण्याला मिळू नयेत, किंवा कमी मिळावेत, असा भेद यादीत कधीही राहता कामा नये. तसा भेद राहिला तर शासनाचा पैसाच मोठ्या जखमेला उत्तेजन देईल.

कोसबाडचा धडा

या साऱ्याला डहाणूच्या मातीत एक पूर्वोदाहरण आहे. बोर्डीत १९४५ साली सुरू झालेले बालशिक्षणाचे कार्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, अशी त्या काळी सर्वत्र तक्रार होती. या दोघींनी ती तक्रार उलटी करून पाहिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे. घराच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानात भरणारी कुरणशाळा ही त्या विचाराची फळे. अंगणवाडी हा शब्द पुढे साऱ्या देशाचा झाला. त्यांनी पाड्यावर महाविद्यालय बांधले नाही. पाड्यावर जे देता येईल ते तेथे दिले आणि पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली.

वैद्यकालाही हाच धडा लागू आहे. रुग्ण उशिरा येतो, अंधश्रद्धा बाळगतो, उपचार अर्धवट सोडतो, ही दूषणे आदिवासी भागाला पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. परंतु तीन वेळा दात दुखल्याचे औषध घेऊन परत गेलेला रुग्ण उशिरा आलेला नसतो. तो वेळेवर आलेला असतो आणि व्यवस्थेने त्याला वेळेवर ओळखलेले नसते. दोष कोणाच्या पदरी घालायचा हे ठरवताना एवढा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

वाढवणचे बंदर केव्हा पूर्ण होईल, त्याने या भागाचे भले किती आणि बुरे किती होईल, याविषयी वाद चालू आहेत आणि चालू राहतील. लाळेच्या खड्याविषयी वादाला जागा नाही. तो ओळखणे सोपे आहे, लवकर ओळखला तर काढणे बहुधा सोपे आहे, आणि ग्रंथी वाचवण्याची विद्या तीस वर्षांपासून जगाला अवगत आहे. आरोग्य खात्याने डहाणू-तलासरीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे आणि दंतवैद्यांचे एका दिवसाचे शिबिर भरवून या कामाला आरंभ करावा. त्यासाठी मंत्रिमंडळाच्या मंजुरीची आवश्यकता नाही, आणि पायाभरणीच्या समारंभाचीही नाही.